किडनी प्रत्यारोपणाची फाइल: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

किडनी प्रत्यारोपणाचं ऑपरेशन तीन-चार तासांत उरकतं. त्याआधीचं काम सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही महिने चालतं. यातला बराचसा वेळ तपासण्यांत जात नाही, त्या उलटसुलट क्रमाने केल्यामुळे जातो. किडनीच्या रक्तवाहिन्यांचं स्कॅन, म्हणजे सीटी अँजिओग्राफी, आधी आणि पेशंटचं रक्त डोनरशी जुळतं का हे पाहणारा क्रॉसमॅच नंतर, दातांचा डॉक्टर सगळ्यात शेवटी, लग्नाचा दाखला मंजुरी देणाऱ्या समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, असं झालं की आधीच्या रिपोर्टांची मुदत संपते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. समन्वयक आणि समाजसेवा अधीक्षक म्हणून आमच्या टेबलावरून ज्या फाइली जातात, त्यांत हे सतत दिसतं. म्हणून ज्या क्रमाने करावं, त्याच क्रमाने सांगतो.

मुंबईत केईएम, पुण्यात ससून, नागपूरला शासकीय महाविद्यालयाचं सुपर स्पेशालिटी, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत हे ऑपरेशन होतं. नेफ्रोलॉजी, युरोलॉजी, भूलशास्त्र, हृदयरोग, मानसोपचार, दंत, रक्तपेढी हे सगळं एकाच आवारात किंवा शेजारी असतं, हा मोठा फायदा. पण प्रत्येक विभागाच्या ओपीडीचे वार वेगळे असतात आणि तुमची केस पाहणारा निवासी डॉक्टर काही महिन्यांनी बदलतो. नव्या डॉक्टरला तुमच्याबद्दल जे कळणार, ते फाइलमधूनच. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता ठेवा: तपासणी, तारीख, निकाल, पुन्हा कधी. मूळ कागद घरी, फाइलमध्ये झेरॉक्स, आणि तिचाच आणखी एक संच. वॉर्डात फाइल हरवणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

सुरुवात रक्तगटापासून. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नसतो, फक्त ए, बी, एबी आणि ओ पाहायचं. ओ गटाचा डोनर कोणालाही चालतो, एबी गटाच्या पेशंटला कोणाचंही चालतं. घरात कोण देऊ शकतं याची चर्चा रक्तगटाचे कागद हातात आल्यावर करा. आधी भावनेच्या भरात एकाचं नाव ठरतं, मग रक्तगट जुळत नाही म्हटल्यावर दुसऱ्याला विचारताना सगळ्यांचीच पंचाईत होते.

कायदा कोणाला जवळचा नातेवाईक मानतो, हेही तेव्हाच पाहून घ्यायचं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. तिच्यानंतर यादी अशी आहे: आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडं. एवढेच. काका, मामा, आत्या, मावशी, चुलत-मावस भावंडं, सून, जावई, मेहुणा यांतलं कोणी या यादीत नाही. ते देऊच शकत नाहीत असं नव्हे, पण त्यांचं प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं आणि तिथे आपुलकीपोटी देतोय, पैशासाठी नाही, हे पटवून द्यावं लागतं. तीन वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे, दोघांचे जुने संबंध दाखवणारे कागद आणि फोटो, असं बरंच काही मागतात. सख्खा डोनर उपलब्ध असेल तर आधी त्याचं पाहावं. वय १८ पूर्ण हवं, ही अट सगळ्यांनाच आहे.

रक्तगट जुळला की एचएलए टायपिंग, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा दोघांत किती जुळतात ते पाहणं, आणि क्रॉसमॅच. आई-वडील आणि मुलं यांच्यात निम्मं जुळतंच. भावंडांमध्ये पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मं जुळण्याची ५० टक्के आणि काहीच न जुळण्याची २५ टक्के. आता औषधं चांगली आहेत, त्यामुळे एचएलए कमी जुळलं म्हणून ऑपरेशन अडत नाही. नवरा-बायकोत सहसा काहीच जुळत नाही, तरी त्या किडन्या उत्तम चालतात. अडतं ते क्रॉसमॅचवर. पेशंटच्या रक्तात डोनरच्या पेशींविरुद्ध तयार अँटिबॉडी आहेत का, हे क्रॉसमॅचमध्ये पाहतात. डोनरच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी आणि पेशंटचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी, एकत्र करतात. सीडीसी नावाच्या पद्धतीत पेशी मेल्या तर निकाल पॉझिटिव्ह, म्हणजे ही किडनी बसवता येणार नाही. फ्लो क्रॉसमॅच ही दुसरी पद्धत याहून जास्त संवेदनशील. सीडीसी निगेटिव्ह आणि फ्लो पॉझिटिव्ह आला, तर ल्युमिनेक्स नावाच्या चाचणीवर डीएसए, म्हणजे नेमक्या या डोनरविरुद्धच्या अँटिबॉडी, तपासून पुढचं ठरवतात.

या तपासणीत सॅम्पल खराब होण्याचं प्रमाण मोठं आहे आणि कारणं साधी असतात. डोनरचं रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या), म्हणजे हिरव्या टोपणाच्या नळीत जातं आणि पेशी जिवंत पोहोचाव्या लागतात. ते फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, बर्फावर तर नाहीच. पेशंटचं रक्त साध्या, लाल टोपणाच्या नळीत, आणि ते डायलिसिसच्या आधी काढलेलं असावं, कारण डायलिसिसमध्ये दिलेल्या हेपॅरिनमुळे सीरम नीट सुटत नाही. तुमच्या महाविद्यालयात एचएलए प्रयोगशाळा नसेल तर सॅम्पल दुसऱ्या शहरात जातं. अशा वेळी शुक्रवारी दुपारी रक्त देऊ नका. शनिवार-रविवार ते कुठेतरी पडून राहतं आणि सोमवारी फोन येतो की पेशी मेल्या, पुन्हा पाठवा. पेशंटला अलीकडे रिटुक्झिमॅब किंवा एटीजीसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली असतील तर ते मागणीच्या फॉर्मवर लिहायला सांगा. त्यांच्यामुळे खोटा पॉझिटिव्ह निकाल येतो आणि चांगला डोनर उगाच हातचा जातो.

अँटिबॉडी तयार होतात तीन वाटांनी: आधीचं प्रत्यारोपण, रक्त चढवणं आणि गरोदरपण. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेवर आपला काही ताबा नाही. दुसरीवर आहे. डायलिसिसवरच्या पेशंटचं हिमोग्लोबिन सात-आठवर घसरलं की जवळच्या केंद्रात पटकन एक पिशवी लावून मोकळे होतात. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर हे टाळायचं. लोहाची आणि लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं वेळेवर घेतली तर बहुतेकांना रक्त लागत नाही. लागलंच तर पांढऱ्या पेशी गाळलेलं मागा आणि त्याआधी झालेला जुना क्रॉसमॅच बाद समजा, तो पुन्हा करावा लागेल. ज्या बायकांना मुलं झाली आहेत त्यांना नवऱ्याची किंवा मुलाची किडनी द्यायची असेल तर क्रॉसमॅच सगळ्यात आधी करावा. गरोदरपणात आईच्या शरीराने नवऱ्याकडून आलेले एचएलए पाहिलेले असतात, त्यामुळे अशा जोड्यांत पॉझिटिव्ह येण्याचा धोका जास्त असतो. डोनरची महागडी स्कॅनिंग याआधी करून ठेवण्यात काही अर्थ नाही.

रक्तगट किंवा क्रॉसमॅच आडवा आला तर अदलाबदल, म्हणजे स्वॅप, हा कायदेशीर मार्ग २०११ च्या दुरुस्तीने खुला झाला. दोन्ही जोड्यांत आपापला डोनर जवळचा नातेवाईक हवा, वैद्यकीय कारणाने जुळत नाही असा कागद हवा आणि समितीची परवानगी हवी. चारही ऑपरेशनं एकाच दिवशी करतात, कारण एकाची झाल्यावर दुसऱ्या बाजूच्या डोनरने नाही म्हटलं तर त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. ए आणि बी गटांच्या जोड्यांना स्वॅप लवकर मिळतो. ओ गटाच्या पेशंटला फार थांबावं लागतं, कारण ओ गटाचा डोनर बहुतेक वेळा आपल्याच माणसाला थेट देऊ शकतो आणि स्वॅपच्या यादीत येतच नाही.

क्रॉसमॅच निगेटिव्ह आल्यावर डोनरची तब्येत. इथे स्वस्त तपासण्या आधी करा: रक्तदाब दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीची साधी तपासणी, पोटाची सोनोग्राफी, एचआयव्ही आणि कावीळ बी व सी. डोनर बाद व्हायचा असेल तर बहुतेक वेळा इथेच होतो. चोवीस तासांची लघवीही तपासतात. ती गोळा करताना चूक हमखास होते, म्हणून तपशीलात सांगतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी कॅनमध्ये धरायची. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी करायची, नाहीतर तेवढी जाते आणि हिशेब कमी येतो. पाळी चालू असेल तर पुढे ढकला.

मग डीटीपीए स्कॅन, ज्यात दोन्ही किडन्या वेगवेगळ्या किती काम करतात ते कळतं. शेवटी सीटी अँजिओग्राफी: किती रक्तवाहिन्या, कुठून फुटतात, कुठे खडा आहे का. यासाठी शिरेतून दिलं जाणारं काँट्रास्ट औषध किडनीवर भार टाकतं, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट असल्याशिवाय सीटी करत नाहीत. दोन्ही किडन्या सारख्या असतील तर डावी घेतात, कारण तिची शीर लांब असते आणि शिवायला सोपी जाते. दोहोंत फरक असेल तर चांगली किडनी डोनरकडेच ठेवायची, हा नियम शल्यचिकित्सक कसोशीने पाळतात. चाळिशीपुढच्या बायकांची मॅमोग्राफी (स्तनांची तपासणी) आणि पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) लागते. मानसोपचारतज्ज्ञांची भेट हा निव्वळ शिक्क्याचा सोपस्कार समजू नये.

आपल्याकडे जिवंत डोनरांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त आहे. आई देते, बायको देते, बहीण देते. नवरा कमावता आहे, त्याला कसं झोपवायचं, हा युक्तिवाद आम्ही जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकतो. या कायद्याच्या २०१४ च्या नियमांत म्हणूनच स्पष्ट लिहिलं आहे की डोनर स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती पेशंट सोडून दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी. डोनरशी आम्ही एकट्याने बोलतो, घरचे दाराबाहेर. ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत कधीही माघार घेता येते, हे प्रत्येक डोनरला सांगितलं जातं. कोणी घेतलीच, तर घरच्यांना एवढंच कळवतात की हा डोनर चालणार नाही. कारण विचारू नये.

पेशंटची तयारी डोनरच्या बरोबरीने चालू ठेवायची, त्यातल्या दोन गोष्टींना वेळ लागतो म्हणून त्या पहिल्या आठवड्यातच सुरू करा. एक म्हणजे लसी. कावीळ बीची लस डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, आणि ०, १, २ व ६ महिने अशा चार वेळा लागते. कांजण्यांसारख्या जिवंत लसी प्रत्यारोपणानंतर देता येत नाहीत, लागणार असतील तर आधीच. दुसरं म्हणजे दात. किडलेला दात किंवा हिरडीतला पू प्रतिकारशक्ती दाबल्यावर अंगभर जंतुसंसर्ग करू शकतो. दात काढायचा तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी काढा, हेपॅरिन उतरलेलं असतं. याखेरीज हृदयाचा इको, छातीचा एक्सरे, क्षयाची तपासणी, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर आणि मूत्राशयाच्या तपासण्या. क्षय सापडला तर आधी त्याचा उपचार, मग प्रत्यारोपण. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हातावर रक्तदाब मोजू देऊ नका आणि सुईही टोचू देऊ नका. नवी किडनी सुरू व्हायला वेळ लागला तर तोच हात कामी येतो. आणि प्रत्येक पेशंटला आधी डायलिसिस करावंच लागतं असंही नाही. ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) १५ च्या खाली गेला आणि डोनर तयार असेल तर थेट प्रत्यारोपण होऊ शकतं. असे पेशंट आमच्याकडे फार थोडे येतात, कारण नेफ्रोलॉजिस्टपर्यंत पोहोचेस्तोवर बहुतेकांच्या मानेत कॅथेटर पडलेला असतो.

आता कागद. हे काम रक्तगटाच्या दिवशीच सुरू करायचं, कारण प्रयोगशाळा दोन दिवसांत रिपोर्ट देते पण तहसील कचेरी देत नाही. जवळच्या नातेवाइकासाठी फॉर्म १, पती-पत्नीसाठी फॉर्म २, इतरांसाठी फॉर्म ३, आणि दोघांचा संयुक्त अर्ज फॉर्म ११. सोबत दोघांचं आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला. पती-पत्नी असतील तर विवाह नोंदणीचा मूळ दाखला, लग्नाचा फोटो, मुलांसह कुटुंबाचा फोटो आणि मुलांचे जन्मदाखले. जुन्या लग्नांची नोंदच नसते. ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आता करून घेता येते, पण साक्षीदार आणि पत्रिका शोधण्यात वेळ जातो.

सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या बहिणीच्या नावावर. बहीण भावाला किडनी देते आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर सासरचं. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलण्याची पद्धत असल्याने कधी कधी कागदावर तीनही शब्द वेगळे असतात. ही तीच बाई आहे हे समितीने कशावरून मानायचं? विवाह नोंदणीच्या दाखल्यावर लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा शपथपत्र, आणि आईवडिलांच्या जुन्या रेशनकार्डावरचं तिचं नाव. एचएलए टायपिंगचा रिपोर्ट नात्याला दुजोरा देतो, पण कागदाची जागा घेत नाही. स्पेलिंगही एकदा सगळ्या कागदांवर ताडून पाहा. आधारवर एक आणि आरोग्य योजनेच्या कार्डावर दुसरं, अशाने मंजुरी परत येते. निपाणी-बेळगावकडचे किंवा गोव्यातले पेशंट महाराष्ट्रात येतात आणि डोनर जवळचा नातेवाईक नसतो, तेव्हा त्यांच्याकडून रहिवासाची पडताळणी मागितली जाते, फॉर्म २० वर तहसीलदाराची. ती तिकडूनच आणावी लागते, म्हणून पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

वर्षाला २५ किंवा त्याहून जास्त प्रत्यारोपणं करणाऱ्या रुग्णालयाची स्वतःची प्राधिकार समिती असते, बाकीची प्रकरणं जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या समितीकडे जातात. मुलाखतीचं चित्रीकरण होतं. प्रश्न साधे असतात: किडनी दिल्यावर काय धोका असतो माहीत आहे का, घरात आणखी कोणी का देत नाही, तुमची मिळकत किती, ऑपरेशननंतर मुलांकडे कोण बघणार, कोणी काही कबूल केलं आहे का. पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात आणि शंका वाढवतात. डोनरला मराठी नीट येत नसेल, घरची बोली वेगळी असेल, तर आधी सांगा, दुभाषी बसवता येतो. निर्णय २४ तासांत सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावावा, असा नियम आहे.

पैशांचं असं. महाविद्यालयात ऑपरेशनचा खर्च खाजगीच्या मानाने नगण्य, पण एचएलए, डीएसए, इंडक्शनची (ऑपरेशनच्या वेळी प्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शनं आणि नंतरची औषधं यांना पैसे लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे भरती होण्याआधी जायचं, नंतर नाही, कारण पूर्वमंजुरी आल्याशिवाय खर्च योजनेत धरत नाहीत. समितीचा आदेश, क्रॉसमॅच आणि डोनरचे रिपोर्ट अपलोड झाल्यावरच मंजुरी येते. घरी जाताना कोणती औषधं किती महिने योजनेतून मिळणार हे त्याच्याकडून लिहून घ्या. उरलेल्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय संस्थांचे अर्ज समाजसेवा अधीक्षकांकडून जातात, त्याला खर्चाचं मूळ अंदाजपत्रक लागतं. रेल्वेने येणाऱ्यांना एक सवलत फारशी माहीत नसते: डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणारा पेशंट आणि सोबतचा एक माणूस यांना शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सूट आहे. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

घरात डोनर नसेल, किंवा आहे पण अजून काही पक्कं नाही, तर मृत दात्याच्या यादीत नाव घालून ठेवा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं आहेत. पश्चिम विभागाचं रोटो-सोटो, म्हणजे अवयववाटप पाहणारी विभागीय व राज्य संस्था, केईएममध्ये आहे. नाव रुग्णालयामार्फतच जातं आणि एका वेळी एकाच रुग्णालयातून. २०२३ पासून ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि रहिवासाची अट काढून टाकली आहे. यादीत नाव असूनही फोन न येण्याचं एक कारण म्हणजे पेशंट तात्पुरता अपात्र म्हणून नोंदलेला असतो, ताप आला होता म्हणून, इको जुना झाला म्हणून, आणि बरा झाल्यावर पुन्हा सक्रिय करायला कोणी गेलेलं नसतं. दर तीन महिन्यांनी आपली नोंद सक्रिय आहे का, हे समन्वयकाला विचारा. फोन नंबर बदलला तर त्याच दिवशी कळवा. फोन आला की काही खायचं-प्यायचं नाही, शेवटचं डायलिसिस कधी झालं ते सांगायचं आणि निघायचं. एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावतात आणि क्रॉसमॅच झाल्यावर बाकीच्यांना परत पाठवतात. हे आधी माहीत असलेलं बरं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डायलिसिस. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, बहुधा उजवीकडे बसवतात. जुन्या दोन्ही आत तशाच राहतात, काही खास कारण असेल तरच काढतात. बॅसिलिक्सिमॅब हे इंडक्शनचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर २० मिलिग्रॅम ऑपरेशनच्या दिवशी आणि २० मिलिग्रॅम चौथ्या दिवशी. जिवंत डोनरची किडनी टेबलावरच लघवी करू लागते आणि पहिल्या दिवशी कितीतरी लिटर लघवी होते. घरचे घाबरतात, पण दर तासाला जेवढी गेली तेवढं सलाइनमधून भरून काढतात. याच काळात जोडलेली मूत्रनळी उघडी राहावी म्हणून आत डीजे स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, ठेवलेला असतो. तो काही आठवड्यांनी दुर्बिणीतून काढायचा असतो. डिस्चार्ज कार्डावर त्याची तारीख लाल शाईने लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात, जंतुसंसर्ग होतो, आणि मग तो काढायला नवं ऑपरेशन लागतं.

पहिले तीन महिने रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरात राहावं. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा तपासणी, मग एकदा, मग पंधरवड्याने. टॅक्रोलिमस हे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध. त्याची पातळी मोजायचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर द्यायचं. गोळी खाऊन आलात तर आकडा फुगलेला येतो आणि त्यावरून डोस कमी केला तर किडनी नाकारली जाण्याची भीती. म्हणून गोळी डब्यात घेऊन यायची, रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची. साधारणपणे सुरुवातीला पातळी ८ ते १२ नॅनोग्रॅम, पुढे ५ ते ८ ठेवतात, पण तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. औषधाची कंपनी परस्पर बदलू नका. दुकानदार सारखंच आहे म्हणतो, आणि पातळी वेगळी येते. जुलाब लागले तर पातळी वाढते, म्हणून जुलाबात घरगुती उपाय करत बसू नये. गणपतीत कोकणात आणि गोव्यात घरोघरी पपनस येतं, ते प्रसाद म्हणूनही खायचं नाही. ग्रेपफ्रूटसारखंच तेही टॅक्रोलिमस वाढवतं. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम ही औषधं पातळी वाढवतात. क्षयावरचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटॉइन एकदम खाली आणतात. नंतर क्षय झाला तर म्हणूनच गावातल्या केंद्राने परस्पर नेहमीचं औषध सुरू करायचं नसतं, आधी प्रत्यारोपण विभागाला फोन. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, काढे आणि भस्मं कायमची बंद.

घरी रोज चार गोष्टी वहीत: वजन, ताप, रक्तदाब, लघवी. एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी घटली किंवा किडनीच्या जागी दुखू लागलं, तर पुढच्या ओपीडीची वाट पाहू नका. नाकारण्याची पहिली खूण पुष्कळदा काहीच दुखत नसताना वाढलेलं क्रिएटिनिन हीच असते, म्हणून बरं वाटतंय म्हणून तपासणी चुकवणारे पेशंट आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती देतात. शेतकरी पेशंटांनी पहिले सहा महिने गोठा साफ करणं, कोंबड्यांची शेड, धान्याची मळणी यांपासून लांब राहावं, धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते. मूल हवं असेल तर निदान वर्षभर थांबावं लागतं आणि पेशंट बाई असेल तर मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध किमान सहा आठवडे आधी बदलून घ्यावं लागतं, त्याने गर्भात व्यंग येतं.

डोनर दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांत घरी जातो, हलकी कामं लगेच, ओझं उचलणं दीड-दोन महिन्यांनी. पण डिस्चार्जनंतर त्याची फाइल कुठे जाते, हे विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर नसतं, कारण त्याचे रिपोर्ट पेशंटच्या फाइलला टाचलेले असतात. डोनरच्या नावाचा स्वतंत्र केसपेपर काढून घ्या. त्यावर ऑपरेशनआधीचं क्रिएटिनिन आणि कोणती किडनी काढली ते लिहून घ्या, आणि वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन, साखर व लघवीतलं प्रोटीन एवढं तपासा. पेशंटला ओपीडीला आणाल त्याच दिवशी डोनरचीही चिठ्ठी काढली तर वेगळी फेरी लागत नाही.